संलयन वीजप्रकल्पाची विद्युत यंत्रणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संलयनाची, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याची, मोठी बातमी आली की पुढचा आठवडाभर माझ्याकडे प्रश्न येत राहतात. बातमीत पंधरा कोटी अंश तापमान असतं, पण विचारणारे बरेच जण इलेक्ट्रिकलचे असतात. कुणी उपकेंद्रात नोकरीला असतं, कुणी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, तर कुणी रोहित्रांच्या कारखान्यात. प्लाझ्मा, म्हणजे तो अतितप्त आयनित वायू, कसा दिसतो यापेक्षा केबल कुठून येते आणि कुठे जाते, हे त्यांना आधी हवं असतं. मलाही तेच आवडतं, कारण संलयनातून उद्या घराघरात वीज पोहोचेल की नाही, याचा अर्धा निकाल प्लाझ्मात लागतो आणि अर्धा स्विचयार्डात, असं माझं ठाम मत आहे.

पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणं इटर या प्रकल्पाची आहेत. दक्षिण फ्रान्समध्ये काडाराशजवळ भारतासह सात भागीदार मिळून तो उभारत आहेत. त्याची विद्युत यंत्रणा बरीचशी उभी आहे, त्यामुळे बोलायला नुसता आराखडा नाही, खरं लोखंड-तांबं हाताशी आहे.

१. वीज तयार करणाऱ्या प्रकल्पाला बाहेरून वीज कशाला लागते?

तशी ती प्रत्येकच प्रकल्पाला लागते. आपल्याकडचा कोळशावरचा संचसुद्धा पंखे, पंप आणि कोळसा दळणाऱ्या गिरण्यांसाठी स्वतःच्या उत्पादनातली साधारण सहा ते नऊ टक्के वीज स्वतःच खातो. बंद संच सुरू करायचा तर आधी ग्रिडकडूनच वीज घ्यावी लागते.

संलयनात हे प्रमाण कितीतरी मोठं आहे. हायड्रोजनची भावंडं असलेले ड्यूटेरियम आणि ट्रिटियम एकमेकांत मिसळावेत म्हणून वायू दहा-पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवावा लागतो. तो भिंतीला लागू नये म्हणून चुंबकांच्या पिंजऱ्यात धरावा लागतो. ते चुंबक उणे २६९ अंशांवर ठेवावे लागतात. यातलं प्रत्येक काम विजेवर चालतं. वर निर्वात पंप, थंड पाण्याचे पंप आणि ट्रिटियम हाताळणारी यंत्रणा आहेच. म्हणजे संलयन प्रकल्प ग्रिडला भेटतो तो आधी एक अवजड ग्राहक म्हणून. उत्पादक तो नंतर होतो.

२. इटरला नेमकी किती वीज लागते?

नेहमीचा भार ११० मेगावॅटच्या आसपास. प्लाझ्माचा प्रयोग चालू असताना सुमारे ३० सेकंदांच्या शिखरकाळात एकूण मागणी ६२० मेगावॅटपर्यंत जाऊ शकते. कोराडीचा ६६० मेगावॅटचा एक संच डोळ्यांपुढे आणा. जवळजवळ तेवढी वीज एका यंत्राला अर्धा मिनिट लागते आणि मग भार पुन्हा उतरतो.

ही वीज फ्रान्सच्या ४०० किलोव्होल्ट वाहिनीवरून येते. काडाराशच्या अणुसंशोधन केंद्रासाठी ती वाहिनी आधीपासून होतीच. इटरसाठी फक्त साधारण एक किलोमीटर जोडणी वाढवावी लागली. जागा निवडताना अशा गोष्टी मोलाच्या ठरतात (प्रश्न १५ पाहा).

३. एकाच आवारात विजेची दोन वेगळी जाळी का ठेवली आहेत?

दोन भारांचे स्वभाव जुळत नाहीत म्हणून. शीतकरण, पंप, इमारती आणि नियंत्रण कक्ष यांना दिवसरात्र एकसारखा, स्वच्छ व्होल्टेज हवा असतो. चुंबक आणि प्लाझ्मा तापवणारी यंत्रणा मात्र धक्क्याधक्क्याने वीज ओढते आणि व्होल्टेज हलवून सोडते. दोघांना एकाच बसवर (सामाईक वाहकपट्टीवर) बांधलं, तर प्रयोग सुरू होताच कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बसतील.

म्हणून इटरमध्ये स्थिर जाळं वेगळं आणि स्पंदित जाळं वेगळं आहे. स्थिर जाळ्यासाठी चार रोहित्रं अमेरिकेच्या वाट्यातून आली. त्यातलं पहिलं जानेवारी २०१५ मध्ये, खास मजबूत केलेल्या १०४ किलोमीटरच्या रस्त्यावरून रात्रीच्या वेळी हळूहळू आणलं गेलं. इटरला पोहोचलेला तो पहिला अतिअवजड माल होता. स्पंदित जाळ्याची तीन रोहित्रं चीनची आहेत, प्रत्येकी ३०० एमव्हीएची. ती ४०० किलोव्होल्टवरून ६६ आणि २२ किलोव्होल्टवर उतरवतात. एसीचा डीसी करणारे मोठे कन्व्हर्टर ६६ किलोव्होल्टवर असतात.

४. चुंबक अतिवाहक आहेत, त्यांचा रोध शून्य आहे. मग त्यांना वीज लागतेच का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि तो रास्तच आहे.

रोध शून्य असला तरी प्रेरकत्व शून्य नसतं. प्लाझ्माच्या कड्याला वेढणाऱ्या इटरच्या १८ टोरॉइडल कुंडल्यांमधून ६८ हजार अँपिअर वाहतील तेव्हा त्यांच्या चुंबकक्षेत्रात ४१ गिगाज्यूल ऊर्जा साठलेली असेल. अर्ध्या एल-आय-वर्गाच्या सूत्रात हे आकडे टाकले की प्रेरकत्व सुमारे १७.७ हेन्री येतं. प्रयोगशाळेत आपण मिलिहेन्रीच्या गुंडाळ्या हाताळतो. आता हिशोब करा: १७.७ हेन्रीमध्ये शून्यापासून ६८ हजार अँपिअर चढवायचे, तर एक हजार व्होल्ट सतत लावूनही वीस मिनिटं लागतात. एकदा प्रवाह चढला की कुंडलीला जवळजवळ काहीच लागत नाही. बाहेरच्या साध्या धातूच्या बसबारमध्ये होणारी घट तेवढी कन्व्हर्टर भरून काढतो.

दुसरं कारण शीतकरण. ४.५ केल्विनला (उणे २६९ अंशांच्या आसपास) एक वॉट उष्णता बाहेर काढायला खोलीच्या तापमानाला किमान ६६ वॉट लागतात. हा निसर्गाचा नियम आहे, तिथे घासाघीस चालत नाही. प्रत्यक्षातले कॉम्प्रेसर आणि टर्बाइन धरले तर हा आकडा दोनशेच्या पुढे जातो. इटरचा हेलियम संयंत्र ४.५ केल्विनला ७५ किलोवॅट एवढ्या क्षमतेचा आहे. त्यावरून कॉम्प्रेसरच्या मोटारी किती मोठ्या असतील याचा अंदाज बांधा. रोध शून्य करण्याची किंमत आपण दुसऱ्या मीटरवर मोजतो.

तिसरं कारण असं, की सगळ्याच कुंडल्यांचा प्रवाह स्थिर नसतो. मधल्या सोलेनॉइडचा प्रवाह प्रयोग चालू असताना बदलत राहतो, दिशासुद्धा बदलतो. ते पुढच्या प्रश्नात.

५. प्लाझ्मा ‘पेटवतात’ म्हणजे विद्युतदृष्ट्या काय करतात?

इटरसारख्या, प्लाझ्माचं कडं चुंबकांत धरणाऱ्या यंत्राला टोकामॅक म्हणतात. ते मुळात एक प्रचंड रोहित्र आहे. मधला सोलेनॉइड ही प्राथमिक गुंडाळी, आणि भोवतीचं वायूचं कडं ही एकाच वेढ्याची दुय्यम गुंडाळी. इटरचा सोलेनॉइड सहा भागांचा, सुमारे १८ मीटर उंच आणि हजार टन वजनाचा आहे.

आधी सोलेनॉइडमध्ये पूर्ण प्रवाह भरून ठेवतात. मग त्या मंडलात अचानक रोधक घालतात. प्रवाह झपाट्याने उतरतो, फ्लक्स बदलतो आणि कड्यात व्होल्टेज उपजतो. कड्याभोवती मिळणारा हा व्होल्टेज फक्त १२ व्होल्टच्या आसपास असतो, मोटारीच्या बॅटरीएवढा! पण निर्वातात अगदी विरळ वायू असला की तेवढ्यानेही तो आयनित होतो, आणि मग त्या एका वेढ्यातून प्रवाह चढत चढत १.५ कोटी अँपिअरपर्यंत न्यायचा असतो.

रोहित्राला डीसी चालत नाही, हे आपण आयटीआयपासून शिकतो. इथेही तेच आहे. सोलेनॉइडचा प्रवाह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे अधिकपासून उण्यापर्यंत, नेऊन संपला की फ्लक्स संपला आणि त्या मार्गाने चालवलेला प्लाझ्माही संपला. म्हणून साधा टोकामॅक स्पंदांमध्ये चालतो. म्हणूनच त्याच्या कन्व्हर्टरला व्होल्टेज आणि प्रवाह दोन्हींच्या दोन्ही दिशा सांभाळाव्या लागतात. चुंबकातली ऊर्जा परत ग्रिडकडे ढकलायचं कामही त्यालाच करायचं असतं.

६. एवढे अँपिअर वाहून कसे नेतात? केबल केवढी जाड असेल?

केबल नाहीच. पाण्याने थंड केलेले ॲल्युमिनियमचे पोकळ बसबार कन्व्हर्टरच्या इमारतीपासून टोकामॅकपर्यंत धावतात. एकूण लांबी काही किलोमीटर भरते. थंड भागात शिरताना अतिवाहक जोडणी सुरू होते. शेजारशेजारच्या दोन बसबारमधलं चुंबकीय बल एवढं असतं की आधार देणाऱ्या चौकटी सिव्हिलवाल्यांबरोबर बसूनच ठरवाव्या लागतात.

७. ग्रिडला एवढा धक्का चालतो का? ब्रिटनमध्ये फ्लायव्हील वापरत होते, ते काय प्रकरण आहे?

ऑक्सफर्डशायरमधल्या कलहमच्या जेट या यंत्राला दोन फ्लायव्हील जनित्रं होती. एकेकाचा रोटर ७७५ टनांचा, मिनिटाला २२५ फेऱ्या घेणारा, साठवण ३.७५ गिगाज्यूल. ८.८ मेगावॅटच्या मोटारीने तो सावकाश फिरवत न्यायचा आणि प्रयोगाच्या क्षणी ४०० मेगावॅटपर्यंत ताकद त्यातून काढून घ्यायची. नळाची धार बारीक असली की आपण रात्रभर पिंप भरून ठेवतो, तसंच हे. फेऱ्या निम्म्यावर येईपर्यंत तीन चतुर्थांश ऊर्जा निघून आलेली असते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. जेट डिसेंबर २०२३ मध्ये कायमचं थांबलं. त्याआधीच्या शेवटच्या ट्रिटियम प्रयोगांत त्याने एका स्पंदात ६९ मेगाज्यूल ऊर्जेचा उच्चांक केला.

मग इटरने फ्लायव्हील का घेतलं नाही? ३.७५ गिगाज्यूलला ४०० मेगावॅटने भागा. जेमतेम नऊ सेकंद मिळतात. इटरचा एक स्पंद ४०० सेकंद आणि त्याहून जास्त चालायचा आहे. त्यापुढे पिंप पुरत नाही, नदीच लागते. ती नदी म्हणजे फ्रान्सचं ४०० किलोव्होल्टचं भक्कम ग्रिड.

पण त्या ग्रिडनेही अटी घातल्या आहेत. स्पंदित जाळ्याची सक्रिय ताकद ५०० मेगावॅटच्या आत. बदलाचा वेग सेकंदाला २०० मेगावॅटपेक्षा जास्त नको. एकदम उडी मारायची तर ६० मेगावॅटपर्यंतच. डिझाइनचे बरेच निर्णय या तीन मर्यादांनी ठरवले आहेत. प्लाझ्माचं नियंत्रण करणाऱ्याला कुंडलीत झटक्यात व्होल्टेज हवा असतो, ग्रिड सांभाळणाऱ्याला संथ चढ-उतार हवा असतो, आणि पॉवर इंजिनिअर या दोघांच्या मधे उभा असतो.

८. रिॲक्टिव्ह पॉवरचं काय? कन्व्हर्टर थायरिस्टरचे असतील तर पॉवर फॅक्टर पार खालावत असेल ना?

हो, खालावतो. थायरिस्टरचा फायरिंग कोन मागे नेला की व्होल्टेज कमी मिळतो, आणि त्याबदल्यात ग्रिडमधून रिॲक्टिव्ह पॉवर ओढली जाते. इटरची मागणी सगळं एकत्र धरता ९०० एमव्हीएआरच्या पुढे जाऊ शकते. ग्रिडवर मात्र २०० एमव्हीएआरहून जास्त टाकायची परवानगी नाही. मधली तफावत भरायला चीनने २५० एमव्हीएआरचे तीन संच दिले आहेत. थायरिस्टरने नियंत्रित होणारे रिॲक्टर आणि सोबत हार्मोनिक गाळणारे फिल्टर, अशी त्यांची रचना आहे. जालन्याच्या पोलादी भट्ट्यांवर ज्यांनी काम केलं आहे त्यांना हार्मोनिक आणि फिल्टरची डोकेदुखी सांगायला नको. तत्त्व तेच, आकार कितीतरी मोठा.

‘थायरिस्टर जुने झाले, आयजीबीटी (हवा तेव्हा बंदही करता येणारे नवे स्विच) का नाहीत?’ असंही विचारलं जातं. ५५-६८ हजार अँपिअर, हजारभर व्होल्ट आणि बिघाड झाला तर सगळा प्रवाह काही काळ अंगावर झेलायची तयारी, हे गणित इटरचं डिझाइन झालं तेव्हा थायरिस्टरच्याच बाजूने होतं. पुढच्या पिढीच्या प्रकल्पांनी आयजीबीटीचा विचार गंभीरपणे करावा असं मला वाटतं. रिॲक्टिव्ह पॉवर मुळातच कमी लागली तर अख्खं एक भरपाई-उपकेंद्र वाचेल.

९. ‘क्वेंच’ म्हणजे काय? त्याला एवढं का घाबरतात?

अतिवाहक तारेचा एखादा इंच काही कारणाने गरम झाला की तिथे रोध परत येतो. त्या रोधातून ६८ हजार अँपिअर वाहतात, म्हणून तो इंच आणखी तापतो आणि शेजारचा इंचही तापवतो. याला क्वेंच म्हणतात. तारेत मुद्दाम तांबं मिसळलेलं असतं, ते थोडा वेळ प्रवाह वाहून नेतं. त्या थोड्या वेळात ४१ गिगाज्यूल ऊर्जा चुंबकाबाहेर काढायची असते.

४१ गिगाज्यूल म्हणजे वीजबिलाच्या भाषेत सुमारे ११,४०० युनिट. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घराला सहा वर्षं पुरतील एवढे. आकडा ऐकून हायसं वाटेल, पण ही सहा वर्षांची वीज अर्ध्या मिनिटाच्या आसपास एका जागेतून दुसऱ्या जागेत न्यायची आहे. इटरमध्ये ती मोठाल्या रोधकांत सोडली जाते. प्रवाह उतरण्याचा काळस्थिरांक ११ सेकंदांच्या घरात आहे.

आता १७.७ हेन्री, ६८ हजार अँपिअर, ११ सेकंद: सगळं एकाच जागी केलं तर एक लाख व्होल्टच्या वर उसळी येईल. कुंडलीचं इन्सुलेशन ते सोसणार नाही. म्हणून दोन-दोन कुंडल्यांमागे एक, अशी नऊ विसर्जन एककं मंडलात विखुरली आहेत. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी फार तर दहा-बारा हजार व्होल्ट येतात. या यंत्रातला मला सर्वांत सुंदर वाटणारा निर्णय हाच आहे. नवा पदार्थ नाही, नवा शोध नाही. ओझं नऊ खांद्यांवर वाटून दिलं, एवढंच.

१०. एवढा डीसी प्रवाह तोडणारा ब्रेकर असतो तरी कसा?

एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, ब्रेकर त्या क्षणाची वाट पाहतो. डीसीला असा क्षण नसतो. तो आपणच तयार करावा लागतो. नेहमीचा प्रवाह जाड यांत्रिक स्विचमधून वाहतो. इशारा आला की तो स्विच उघडून प्रवाह निर्वात ब्रेकरकडे वळवतो. त्याच वेळी आधी भरून ठेवलेला कपॅसिटर उलट्या दिशेचा प्रवाह ब्रेकरमध्ये ओततो, क्षणभर शून्य येतं, ठिणगी विझते आणि चुंबकाचा प्रवाह रोधकाकडे जातो. हे सगळं फसलं तर शेवटचा उपाय म्हणून पायरोब्रेकर असतो. त्यात छोटा स्फोट करून वाहकच तोडला जातो. हे फ्यूजसारखं आहे, एकदा वापरला की बदलावा लागतो. इटरसाठी ही विसर्जन यंत्रणा रशियाच्या वाट्यात आहे.

११. आजवर अशा यंत्रांत विजेमुळे मोठा अपघात झाला आहे का?

हो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. मार्च २०२१ मध्ये जपानच्या नाका इथल्या जेटी-६०एसए यंत्रात एका कुंडलीची प्रवाह-चाचणी चालू असताना टोकाकडच्या जोडावरचं इन्सुलेशन कमी पडलं. ठिणगी पडली आणि हेलियम निर्वात कक्षात शिरला. दुरुस्तीत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. पहिला प्लाझ्मा ऑक्टोबर २०२३ मध्ये आला.

संलयनाबाहेरचं उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेचं. १९ सप्टेंबर २००८ रोजी तिथल्या महाकाय कणवेगकात दोन चुंबकांमधला एक सदोष जोड वितळला, हेलियम उसळला आणि यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिलं.

दोन्ही ठिकाणी काय बिघडलं? जोड. महावितरणच्या कुठल्याही अनुभवी लाइनमनला विचारा, तार मध्ये क्वचित जळते, जळतो तो जंपर. अब्जावधींच्या यंत्रालाही हाच नियम लागू आहे. त्यात इथे एक जास्तीची गुंतागुंत आहे. पूर्ण निर्वातात इन्सुलेशन टिकतं, वातावरणाच्या दाबालाही टिकतं, पण मधल्या विरळ दाबात कमी व्होल्टेजलाच ठिणगी पडते. याला पाशेनचा नियम म्हणतात. गळती झाली की नेमका तोच दाब तयार होतो. म्हणून जोडांची चाचणी वेगवेगळ्या दाबांवर घ्यावी लागते, फक्त मेगर (इन्सुलेशन मोजणारं उपकरण) लावून चालत नाही.

१२. ग्रिडची वीज अचानक गेली तर? फुकुशिमासारखं होईल का?

प्लाझ्मा विझेल. संलयनात साखळी अभिक्रिया नसते, ताबा सुटला की तापमान पडतं आणि अभिक्रिया थांबते. चुंबकांची ऊर्जा प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे रोधकांत जाते, आणि त्या यंत्रणेला लागणारी नियंत्रणाची वीज बॅटरीवर असते.

तरीही ‘काहीच धोका नाही’ असं मी लिहिणार नाही. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने आतल्या भिंती किरणोत्सारी होतात आणि नंतरही थोडी उष्णता देत राहतात. ट्रिटियम बाहेर जाऊ नये म्हणून हवा शुद्ध करणारी यंत्रणा चालू राहायला हवी. म्हणून भारांची चार वर्गांत विभागणी करतात: क्षणभरही थांबू नयेत असे डीसी भार, यूपीएसवरचे एसी भार, काही सेकंद थांबून डिझेल जनित्रावर जाणारे भार, आणि वीज येईपर्यंत थांबू शकणारे भार. सुरक्षेचे भार एकमेकांपासून वेगळ्या केबलमार्गांवर असतात, म्हणजे एका आगीत सगळे जात नाहीत.

१३. क्यू बरोबर १० म्हणजे दहापट वीज ना?

नाही. हा गैरसमज वर्तमानपत्रांतून सतत पसरतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्यू म्हणजे प्लाझ्मातून निघालेली संलयन-ताकद भागिले प्लाझ्मात आत सोडलेली उष्णता. इटरचं लक्ष्य ५० मेगावॅट आत, ५०० मेगावॅट बाहेर असं आहे. पण ५० मेगावॅट आत पोहोचवायला भिंतीवरच्या सॉकेटपासून किती लागतात? तापवणाऱ्या यंत्रणांची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर १२५ मेगावॅट. त्यात स्थिर जाळ्याचे ११० मिळवा: २३५. बाहेर आलेली ५०० आणि आत घातलेली ५० अशी ५५० मेगावॅट उष्णता टर्बाइनला दिली आणि तिसरा हिस्सा विजेत आला, तर मिळतात सुमारे १८०. म्हणजे हा ढोबळ ताळेबंद उलट तोट्यात जातो. इटरला टर्बाइन जोडलेलाच नाही. तो प्रयोग आहे, वीजघर नव्हे.

चुंबकांऐवजी लेसरने इंधन दाबून संलयन घडवतात, त्या बाबतीत दरी आणखी मोठी आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या एनआयएफमध्ये २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल निघाले. ते ऐतिहासिकच होतं. पण तो लेसर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल लागले होते.

म्हणून कुठलाही दावा वाचताना एकच विचारा: हा आकडा प्लाझ्माच्या दारातला आहे की स्विचयार्डाच्या फाटकातला?

१४. मग खरा वीज देणारा प्रकल्प कसा असेल? स्पंदांच्या मधल्या वेळेत वीज जाणार का?

युरोपच्या डेमो या आराखड्यात सुमारे २,००० मेगावॅट संलयन-ताकद आणि त्यातून ग्रिडला ३०० ते ५०० मेगावॅट अशी कल्पना आहे. बाकीचं उष्णतेत आणि स्वतःच्या पोटात जातं. स्पंद दोन तासांचा, मग सोलेनॉइड परत भरेपर्यंत काही मिनिटांची विश्रांती.

ती विश्रांती मोठी अडचणीची आहे. वाफेचा टर्बाइन दिवसातून दहा वेळा थंड-गरम करता येत नाही, त्याचं आयुष्य संपतं. शिवाय नेमक्या याच वेळेत निर्वात पंप आणि सोलेनॉइड यांना वीज हवी असते, म्हणजे प्रकल्प ग्रिडला देण्याऐवजी ग्रिडकडून मागतो. एक उपाय म्हणजे मधे वितळलेल्या क्षारांची टाकी ठेवणं: स्पंदात तापवायची आणि विश्रांतीत तिच्यावर वाफ चालू ठेवायची. विद्युत बाजूने पाहिलं तर जवळपास घाटघरसारखा उदंचन प्रकल्प असलेलं ग्रिड अशा यंत्राला सोयीचं पडेल.

स्पंदच नको असेल तर स्टेलारेटर आहे. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलश्टाइन ७-एक्समध्ये पिळदार कुंडल्याच सगळं क्षेत्र देतात, प्लाझ्मातून मोठा प्रवाह न्यावा लागत नाही. कुंडल्या बनवणं फार अवघड, पण वीजपुरवठ्यासाठी ते स्वप्नवत: प्रवाह स्थिर, धक्के कमी, कन्व्हर्टर साधे.

१५. जुन्या कोळसा प्रकल्पाच्या जागी संलयन प्रकल्प, असं वाचलं. त्यात विजेचा काय संबंध?

ब्रिटनने स्टेप या प्रकल्पासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या वेस्ट बर्टनची जागा निवडली. तिथे कोळशाचं वीजघर होतं. अशा जागी उच्चदाब वाहिन्या, स्विचयार्ड, थंड पाणी आणि विजेच्या कामात हात बसलेली माणसं आधीच असतात. प्रश्न २ मधली एक किलोमीटरची जोडणी आठवा. नवी ४०० किलोव्होल्ट वाहिनी टाकायला जमीन मिळवण्यापासून किती वर्षं जातात, हे आपल्याकडे मनोऱ्याचं काम केलेला कुणीही सांगेल.

१६. प्लाझ्मा तापवायला दहा लाख व्होल्ट लागतात, हे खरं आहे का?

खरं आहे. वेगवान कण प्लाझ्मात सोडून तो तापवणारी इटरची दोन मुख्य कणशलाका-यंत्रं एक मेगाव्होल्ट आणि ४० अँपिअरवर चालायची आहेत, तासाभरापर्यंत सलग. प्रत्येक शलाका १६.५ मेगावॅटच्या आसपास. एक मेगाव्होल्ट डीसी एकाच रोहित्रातून येत नाही. २०० किलोव्होल्टच्या पाच पायऱ्या एकावर एक रचतात. शलाकेच्या जाळ्यांमध्ये ठिणगी पडणं हा इथे अपघात नसून रोजचा व्यवहार आहे. त्यामुळे पुरवठा डोळ्याची पापणी लवायच्या आत कितीतरी आधी तुटला पाहिजे आणि लगेच परतही आला पाहिजे. याची तालीम इटलीत पाडुआला चालते.

१७. भारताने यात नेमकं काय केलं आहे?

१९५५ साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेचं अध्यक्षपद होमी भाभांकडे होतं. नियंत्रित संलयनाचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथे केलं होतं. दशकं जास्त लागली, पण भारत त्या वाटेवर राहिला. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य हा टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला आणि नंतर अतिवाहक चुंबकांचा एसएसटी-१ आला.

इटरमध्ये भारताचं सर्वांत ठळक काम म्हणजे ३,८५० टनांचा क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला बाहेरून वेढणारं निर्वात पात्र. त्याचे भाग गुजरातेत हजिरा इथे लार्सन अँड टुब्रोने घडवले. पण या पानाच्या विषयाशी जवळचं काम कमी लोकांना माहीत आहे: प्लाझ्माच्या निदानासाठीची १०० किलोव्होल्टची कणशलाका, रेडिओ-वारंवारतेचे स्रोत आणि त्यांचे उच्चदाब वीजपुरवठे. पाडुआच्या स्पायडर या चाचणीयंत्राचा १०० किलोव्होल्ट वर्गाचा पुरवठाही भारताचा आहे, हैदराबादच्या ईसीआयएलमध्ये बनलेला.

१८. टोकामॅकजवळ अर्थिंग नेहमीसारखंच करायचं का?

करायचं, पण वेटोळं होऊ द्यायचं नाही. आपल्याला शिकवलेलं असतं की अर्थ जितक्या ठिकाणी जोडाल तितकं बरं. इथे फ्लक्स बदलत असतो, त्यामुळे अर्थच्या पट्ट्यांचं बंद वेटोळं तयार झालं की त्यात प्रवाह उपजतो आणि मोजमापं बिघडतात. म्हणून यंत्राजवळ झाडाच्या फांद्यांसारखी रचना ठेवतात. संदेश प्रकाशतंतूंवरून नेतात. कुंडल्या मोठ्या रोधातून अर्थ करतात, म्हणजे पहिला दोष दिसतो पण जाळत नाही. यंत्राच्या आसपास रिले, काँटॅक्टर, मोटारी भटक्या चुंबकक्षेत्रात चुकीचं वागू शकतात, त्यामुळे त्या लांब ठेवतात किंवा लोखंडी कवचात.

१९. मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचं तर काय शिकू? प्लाझ्मा फिजिक्स आलंच पाहिजे का?

थोडं आलं तर बरं, पण अडून काही राहत नाही. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स मन लावून शिका. थायरिस्टरचा बारा-पल्स कन्व्हर्टर कागदावर आणि सिम्युलेशनमध्ये स्वतः चालवून पाहा, फायरिंग कोन बदलून पॉवर फॅक्टर कसा घसरतो ते नोंदवा. उच्चदाब इन्सुलेशन, संरक्षण-रिले आणि डीसी प्रवाह तोडणं हे तीन विषय आपल्या अभ्यासक्रमात घाईने उरकले जातात. इथे नेमके तेच लागतात. सुट्टीत एखाद्या उपकेंद्रात किंवा रोहित्राच्या कारखान्यात चार आठवडे काढता आले तर जरूर काढा, आणि तिथे जोड कसे आवळतात, कसे तपासतात ते जवळ उभं राहून पाहा.

इटरच्या नव्या वेळापत्रकानुसार ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत. आज तुम्ही वीस-एकवीस वर्षांचे असाल, तर तेव्हा पस्तिशीच्या आसपास, कामाच्या ऐन भरात असाल.